हाताची पट्टी

मानपाड्यात, घोडबंदर रस्त्यालगतच्या एका व्यायामशाळेत परवा नववीतली एक मुलगी हाताला पट्टी बांधत होती. आधी अंगठ्यात फास, मग मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या हाडांवरून आडवी. एक वेढा सैल पडला तेव्हा तिनं सगळी पट्टी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला पुण्याची देविका घोरपडे आठवली. नोव्हेंबर 2022मध्ये स्पेनमधल्या ला नुसिया इथं तिनं जागतिक युवा बॉक्सिंग स्पर्धेत 52 किलो गटाचं सुवर्णपदक जिंकलं, अंतिम लढतीत इंग्लंडच्या मुलीला हरवून. केवढी मोठी गोष्ट! पण आपल्याकडे आजही वजनी गट म्हटलं की आधी कुस्तीच डोळ्यांपुढे येते. टोकियो ऑलिंपिकमध्ये लवलीना बोर्गोहेननं कांस्यपदक मिळवलं तो 69 किलोचा गट म्हणजे वेल्टरवेट, हे किती घरांत ठाऊक असेल? ‘नाक मोडलं तर लग्न कसं जमायचं,’ हा प्रश्न मात्र घरोघरी तयार असतो. 2026च्या राष्ट्रकुल खेळांसाठी स्कॉटलंडमधलं ग्लासगो ठरलं आहे आणि त्यात बॉक्सिंग आहे. त्या लढती घरातल्या मुलींना शेजारी बसवून पाहा, आणि एखादीनं ग्लोव्हज मागितले तर नाही म्हणू नका.