हजेरीपट आणि पदविका

आपल्या शाळांच्या कारभाराचा विषय निघाला, की अलीकडे एक वाक्य हमखास कानी पडते: "आमच्या मुख्याध्यापकांनी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे." बोलणाऱ्याच्या मुद्रेवर समाधान असते, ऐकणाराही मान डोलावतो. आम्हांला या समाधानाचीच धास्ती वाटते. मुख्याध्यापकांना प्रशिक्षण नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु दिलेले प्रशिक्षण कामाचे की बिनकामाचे, हे ठरवायचे कशावरून? किती जणांनी प्रवेश घेतला आणि किती जण प्रथम श्रेणीत आले यावरून अभ्यासक्रमाचे मोल ठरणार असेल, तर डहाणू-तलासरीच्या पाड्यावरील मुलाचा त्या मोजणीत कुठेच पत्ता लागत नाही.

हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा अधिक का लागू आहे, ते आधी सांगतो. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. मुख्याध्यापकपदासाठी नियमावलीने पदवी, बी.एड. आणि अध्यापनाचा पाच वर्षांचा अनुभव मागितला. म्हणजे ज्याला शिकवता येते त्याला शाळाही चालवता येते, असे गृहीतच धरले. इतर संस्थांना सेवाज्येष्ठतेच्या यादीतील पात्र असे पहिले नाव घ्यावे लागते. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक दिली आहे. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाचे हे देणे होय.

या मोकळिकीचे आपण काय करतो? मे महिन्यात वरिष्ठांचे पत्र येते, जूनमध्ये नवी मुख्याध्यापिका रुजू होते. बिचारी कष्टाळू असते, प्रामाणिक असते. वारली बोली तिच्या कानाला नवी असते. तिसऱ्या वर्षी ती बोली कळू लागते, पाड्यावरच्या बाया तिला नावाने ओळखू लागतात, आणि पुढल्या मे महिन्यात दुसरे पत्र येते. अशा नेमणुकीला पदविकेचे प्रमाणपत्र जोडले म्हणजे ती योग्य ठरत नाही.

आता अभ्यासक्रमाविषयी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. त्याच्या शालेय व्यवस्थापन पदविकेने आडगावच्या शिक्षकालाही, नोकरी न सोडता, कारभाराचे शास्त्र वाचण्याची संधी दिली. हे उपकार आम्ही नाकारत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात २०१२ साली शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र निघाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी वर्षाला पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा धरली. पुन्हा तासच! पन्नास तास बसून उठलेला मनुष्य बसण्यापूर्वीच्या मनुष्याहून वेगळा झाला काय, हे कोण पाहणार?

राज्यभरासाठी लिहिलेल्या पुस्तकात पुण्याच्या सदाशिव पेठेतील आणि तलासरीतील मुख्याध्यापक एकच असतो. तो सेवापुस्तके नीट ठेवतो, वेतनेतर अनुदानाचा हिशेब देतो, संचमान्यतेचे गणित जुळवतो, यू-डायसची माहिती वेळेवर भरतो. ही कामे क्षुद्र नव्हेत. ती बिघडली तर शिक्षकाचा पगार अडतो. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरीत दहांतील नऊ आणि डहाणूत दहांतील जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, आणि त्यांचे वर्ष सरकारी शैक्षणिक वर्षाप्रमाणे चालत नाही. जुलैत आवणी येते. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी थांबते. भात घरात आले, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. थोरला मुलगा उंबरगाव-वापीच्या कारखान्यांची वाट धरतो. मूल गेले तरी त्याचे नाव पटावर राहते, कारण पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते. वीटभट्टीवर चिखल तुडवणारे मूल शाळेच्या कागदावर हजर असते! प्रशासनात निष्णात झालेल्या मुख्याध्यापकाला हा कागद निर्दोष कसा ठेवायचा ते उत्तम कळते. मूल भट्टीवरून परत कसे आणायचे, हे त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तोही ते शिकत नाही.

शिकण्याजोगे कितीतरी आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. विवेक पंडितांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवून दाखवल्या. दिवाळीपूर्वी पाड्यावर जाऊन कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर निघाले त्याची यादी करणे, आजी मागे राहणार असेल तर मुलाला तिच्यापाशी ठेवून घेणे, वसतिगृहात चार गाद्या वाढवणे, भट्टीजवळच्या शाळेतील मुख्याध्यापकाला पत्र लिहिणे, हेच तर प्रशासन!

दुसरे उदाहरण भूमीनेच दिले. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात हादरे सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि घाबरून धावताना पडून एक दोन वर्षांची बालिका दगावली. वर्ग तंबूत भरले, झाडाखाली भरले. रात्री वसतिगृहातील मुलांना छपराखाली निजवायचे की थंडीत उघड्यावर, हे त्या रात्रीच ठरवावे लागते. वरून आदेश येईपर्यंत थांबता येत नाही. त्या दिवसांत ज्यांनी पालकांना बोलावून, त्यांच्याशी बसून निर्णय घेतले, त्यांचे अनुभव एखाद्या अभ्यासक्रमाने लिहून घ्यायला हवे होते.

आणि कोसबाड तर आपल्याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. नोकरी मानाची होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे शिकायला गेल्या. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले अंगणापलीकडे येईनात, तेव्हा बालवाडी अंगणात नेली. मुले गुरांमागे रानात जात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेला आपण शिक्षणातील प्रयोग म्हणतो. आमच्या मते तो शालेय प्रशासनातील निर्णय होता: वेळापत्रक, जागा आणि शिक्षक या तिन्ही गोष्टी मुलाच्या सोयीने हलवण्याचा. आपल्या शाळांतील किती मुख्याध्यापकांनी कोसबाड पाहिले आहे? डहाणू स्टेशनावरून जेमतेम दोन-अडीच तासांत जाऊन येता येईल.

यावर आमचे काही ज्येष्ठ बंधू म्हणतील, "अभ्यासक्रम हवेत कशाला? पूर्वीच्या मिशनऱ्यांनी कोणती पदविका घेतली होती?" हा युक्तिवाद भाबडा आहे. ते पूर्वीचे लोक एकाच ठिकाणी वीस-वीस वर्षे राहत, पायी हिंडत, लोकांची बोली बोलत. त्यांची उमेदवारी तिथेच होई. ती उमेदवारी आपण मोडली आणि तिच्या जागी काही उभे केले नाही. व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात शाळेचे यश मुख्यतः शिक्षकांवर सोपवले आणि त्यांची तयारी काळजीपूर्वक व्हावी असे बजावले. काळजीपूर्वक म्हणजे टपालाने नव्हे.

तेव्हा आमची मागणी अशी. भावी मुख्याध्यापकाने पदविका जरूर घ्यावी. पण तिच्या जोडीला, आपल्या खर्चाने, या दोन तालुक्यांतील एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली एक संपूर्ण वर्ष काढावे, जून ते मे, आवणी आणि भट्टीचा हंगाम दोन्ही पाहून. तोंडी परीक्षा पाड्यावर व्हावी, आणि परीक्षकांत दोन माता असाव्यात. नेमणूक झाल्यावर निदान सहा वर्षे बदली होऊ नये. अभ्यासक्रमाचे मूल्यमापन दोन वर्षांनी करावे: दिवाळीपूर्वी वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी फेब्रुवारीत किती बसलेली आहेत, आणि पाचवीतील किती मुली आठवीत पोहोचल्या. उत्तर वाईट आले तर दोष मुख्याध्यापकाला देण्यापूर्वी अभ्यासक्रम बदलावा.

उमेदवारीच्या वर्षी त्या शिक्षकाच्या जागी दुसरा नेमावा लागेल, त्याचा पगार कुठून आणायचा, असा प्रश्न येईल. धर्मग्रामाच्या सणाला रोषणाई आणि बँडवर जो खर्च होतो, तो एक वर्ष निम्मा करून पाहावा. वसईच्या मोठ्या धर्मग्रामांना हे अवघड जाऊ नये.

बदल्यांची पत्रे मे महिन्यात निघतात. त्यापूर्वी प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या शाळेचा ऑक्टोबरचा आणि फेब्रुवारीचा हजेरीपट शेजारी-शेजारी ठेवून, प्रत्यक्ष डोकी मोजून, धर्मप्रांतातील शाळांची जबाबदारी पाहणाऱ्यांकडे पाठवावा. आमच्या शाळेचे दोन्ही पट मार्चच्या पहिल्या आठवड्यात रवाना होतील.