सायकल किती क्विंटलांची?



आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. तुमच्याकडे काळी जमीन, पऱ्हाटी आणि ज्वारी. आमच्याकडे बांध्या, तलाव आणि रोवणी. मेळाव्यात शेजारी बसलो तरी पिकाच्या गोष्टी जुळायला वेळ लागतो. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. जून महिना लागला, शाळा उघडायची वेळ आली, की घरात सायकलीचा विषय निघतो आणि त्यावरून वाद होतो. पोरगी म्हणते, शाळा चार किलोमीटर आहे, चालून पाय दुखतात. म्हातारा म्हणतो, आम्ही काय उडत गेलो होतो? माय म्हणते, घेऊन टाका एकदाची. आणि बाप गप्प बसतो, कारण त्याच्या डोक्यात बियाण्याचा हिशेब चालू असतो. २०२५च्या हंगामात बीटी कापसाच्या एका पाकिटाचा दर ९०१ रुपये ठरला होता. आठ पाकिटांचे ७,२०८ रुपये होतात. एकरी दोन पाकिटे धरली तर चार एकरांचे बियाणे म्हणजे एक सायकल. बाप गप्प का बसतो ते यावरून समजावे.

मग सायकलीला किती पैसे घालणे रास्त? हा प्रश्न लहान वाटतो, पण लहान नाही. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. एक क्विंटल कापूस, किंवा दोन क्विंटल ज्वारी, किंवा तीन क्विंटल धान. यापेक्षा फार कमीत घेतलेली सायकल पुढे महाग पडते. यापेक्षा फार जास्तीची सायकल गरजेची नसते, हौसेची असते. आता याचा हिशेब पाहू.

कागदावरचा हिशेब आणि खिशातला हिशेब

२०२५-२६ चे हमीभाव घ्या. लांब धाग्याचा कापूस ८,११० रुपये क्विंटल. संकरित ज्वारी ३,६९९, म्हणजे दोन क्विंटलचे ७,३९८. साधारण धान २,३६९, म्हणजे तीन क्विंटलचे ७,१०७. बाजाराच्या गावात चांगली, टिकाऊ, साधी सायकल आज सात-आठ हजारांच्या घरात जाते. म्हणजे कागदावर हिशेब बरोबर जुळला.

पण क्विंटलभर कापसाचे पैसे म्हणजे क्विंटलभराची कमाई नव्हे. हे शहरातल्या शहाण्यांना समजत नाही, आणि समजावून घ्यायचेही नसते. हमीभाव ठरवताना मध्यम धाग्याच्या कापसाचा उत्पादन खर्च सरकारने क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि भाव ७,७१० दिला. म्हणजे सरकारच्याच पाटीवर शेतकऱ्याच्या हाती उरले २,५७० रुपये. साडेसात हजारांच्या सायकलीला असे तीन क्विंटल लागतात. ज्वारीचा खर्च धरला २,४६६, म्हणजे क्विंटलमागे उरले १,२३३. त्याच सायकलीला सहा क्विंटल ज्वारी गेली. आमच्या धानाचा खर्च १,५७९, उरले ७९०. सायकलीला साडेनऊ क्विंटल धान!

बरे, या खर्चात तुमच्या स्वतःच्या जमिनीचा खंड नाही आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही नाही. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल कापूस झाला तर सरकारी हिशेबाने एकराचे उरले १०,२८०. त्यातले पाऊण एकर एका सायकलीखाली गेले. हे सुद्धा हमीभाव पुरा हातात पडला तर. कापूस केंद्रावर नेला की आधी ओलावा मोजतात. आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. ज्वारीला हमीभावाने घेणारा भेटेलच याची खात्री नाही. आणि २०२५ साली तर कापूस घरात यायच्या तोंडावर, १९ ऑगस्टला, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले गेले. आधी सांगितले सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवली डिसेंबरअखेरपर्यंत. नेमके तेच आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेच्याचे दिवस.

त्यामुळे 'शेतकऱ्याला साधी सायकल घ्यायला जड का जाते' असे कोणी विचारले तर त्याच्यापुढे ही आकडेमोड ठेवावी. सायकल महाग झाली म्हणून ती जड जात नाही. तिच्यासाठी मोडावा लागणारा माल स्वस्त आहे म्हणून जड जाते.

स्वस्त सायकल महाग कशी पडते

आता कोणी म्हणेल, एवढे जड जाते तर चार-साडेचार हजारांची घ्या. आम्हीही एकदा घेतली. रंग झकास, पुढे टोपली, मागे चमकणारी पट्टी. पहिल्या पावसाळ्यात पायडलचा खिळा ढिला झाला, दिवाळीपर्यंत मागच्या चाकाच्या चार तारा तुटल्या, वर्षाच्या आत रिम वाकली. आमच्या बाजाराच्या गावातला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ही सायकल चालवायची नाही, वाटायची आहे." त्याचे म्हणणे आम्हाला पटले. वर्षभरात दुरुस्तीला दीड-दोन हजार गेले आणि सायकल अखेर भंगारात गेली.

चांगल्या सायकलीचा हिशेब असा मांडा. शाळा चार किलोमीटर, जाणे-येणे आठ. शाळेचे दिवस वर्षाला दोनशे धरले तर १,६०० किलोमीटर. आठवी ते बारावी पाच वर्षे, म्हणजे ८,००० किलोमीटर. सायकल सात हजारांची, टायर-ट्यूब-पंक्चर धरून वर्षाला सहाशे, असे एकूण दहा हजार. किलोमीटरला सव्वा रुपया पडला. मोटारसायकलला नुसते पेट्रोलच किलोमीटरला दोन रुपयांच्या वर जाते. गाडीची किंमत, हप्ता आणि व्याज वेगळेच. शिवाय पोरगी बारावी झाली तरी ही सायकल उरतेच. ती धाकट्याला होते, किंवा बाप तिच्यावर डबा बांधून वावरात जातो.

घेताना काय पाहावे? रंग पाहू नये. चाक हवेत उचलून फिरवावे. रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर मिस्त्रीकडून तिचा आऊट काढून घ्यावा, मगच पैसे मोजावेत. सायकल दुकानात सुटी येते आणि तिथे जोडली जाते, म्हणून अर्धी सायकल कारखान्याची असते आणि अर्धी मिस्त्रीच्या हाताची. छर्ऱ्यांत ग्रीस भरून घ्यावे. जोडणीचे शे-दोनशे जास्त लागले तर द्यावेत, ते वाया जात नाहीत. कॅरिअर आणि स्टँड जाड असावेत. धान, कापसाची गाठोडी किंवा दुधाचे कॅन न्यायचे असतील तर डबल बारची सायकल घ्यावी.

काळ्या जमिनीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात पांदणीतला चिखल मडगार्डात ठासून भरतो आणि चाक जागेवर अडते. टायर आणि मडगार्ड यांत दोन बोटे जागा असलीच पाहिजे. गिअरची, डिस्क ब्रेकची, ट्रॅक्टरसारख्या जाड टायरची सायकल पोरांना आवडते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांना एवढे सांगावे की ती बिघडली तर गावात ती दुरुस्त करणारा नाही. जी सायकल गावच्या मिस्त्रीला उघडता येते तीच आपली.

आणि नवी घेण्याआधी घरातली जुनी एकदा नीट पाहा. सांगाडा सरळ असेल, कुठे चीर गेलेली नसेल, तर नवी रिम, तारा, चेन, फ्रीव्हील आणि टायर-ट्यूब घालून दोन-अडीच हजारांत ती पुन्हा उभी राहते. ते शहाणपण. हप्त्यावर सायकल घेणे मात्र नको. जूनमध्ये हात तंग असतो, दुकानदाराला ते ठाऊक असते. शक्य असेल तर पहिल्या वेच्याचा चुकारा हाती आल्यावर रोख घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. सात हजारांच्या मालावर ४९० रुपयांचा फरक पडतो. पक्की पावती मागा आणि तो फरक मिळाला की नाही ते तिच्यावर पाहा.

जावयाची सायकल आणि लेकीची सायकल

आता थोडे कडू बोलू. सायकलीला पैसे नाहीत असे आपण म्हणतो, पण आपल्याच घरांनी एके काळी सायकलीसाठी कापूस विकला आहे, धान विकले आहे, प्रसंगी वावर गहाण टाकले आहे. कशासाठी? जावयासाठी. सायकल, घड्याळ आणि रेडिओ दिल्याशिवाय लग्न उभे राहत नसे. तेव्हा कोणी क्विंटलांचा हिशेब केला नाही. लेक सासरी गेली ती पायी चालली आणि तिच्या बापाच्या कापसाची सायकल जावई हाकत राहिला. आज सायकलीची जागा मोटारसायकलने घेतली आहे, म्हणजे एका क्विंटलाच्या जागी दहा-बारा क्विंटल कापूस जातो.

आमचे म्हणणे एवढेच की लग्नात जावयाला जे द्यायचे त्याचा दहावा हिस्सा लेकीला आठवीत असताना द्या. जवळ हायस्कूल नाही म्हणून आपल्या गावांत किती मुली सातवीनंतर घरी बसल्या, ते ज्याने-त्याने आपल्या घरापासून मोजावे. गावात मुलगी हुशार नव्हती असे नाही. रस्ता लांब होता आणि एकटी कशी पाठवायची हा धाक होता. चार मुली चार सायकलींवर मिळून गेल्या की तो धाक निम्मा होतो.

हे नुसते आमचे मत नाही. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी मोजले तेव्हा हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढलेली दिसली, आणि शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या गावांत हा फरक सर्वांत मोठा होता. त्याआधी, १९९१च्या सुमारास, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई या कोरडवाहू जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिले आहे. बायकांच्या सायकली दुकानांत मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि काहींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येते.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीचे पैसे मिळतात. आमचा गोंदिया त्यात आहे. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. आम्ही सूट-सबसिडीचे कौतुक करणारे नाही. कापसाला रास्त भाव मिळाला तर बाप स्वतःच्या पैशाने सायकल आणील आणि मिशीला पीळ देऊन आणील. पण भाव मिळेपर्यंत पोरगी आठवीत थांबून राहत नाही, हेही खरे. पाच हजारांत मुलीला चांगली सायकल येत नाही, ती मिस्त्री म्हणाला तशी वाटायची सायकल येते. त्यातही रकमेचा एक भाग पावती दाखवल्यावर मिळतो, म्हणजे तेवढे पैसे बापाने आधी उभे करायचे. ज्यांना मुलींसाठी फुकट एसटी पास आहे म्हणून समाधान वाटते, त्यांनी सकाळी शाळेच्या वेळेला आमच्या फाट्यावर येऊन उभे राहावे. पास आहे, पण गाडी वेळेवर नाही.

मेळाव्यापुढे मांडायचे

म्हणून येत्या मेळाव्यात आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पटल्या तर हात वर करा, नाही पटल्या तर उभे राहून बोला.

पहिली, सरकारला सांगायची. मुलींच्या सायकलीची रक्कम मंत्र्यांच्या मर्जीवर न ठेवता एक क्विंटल लांब धाग्याच्या कापसाच्या हमीभावाला बांधावी. भाव वाढला की रक्कम आपोआप वाढेल. आणि ती पूर्ण रक्कम शाळा उघडण्याआधी खात्यात यावी.

दुसरी, तीही सरकारलाच सांगायची. पांदण रस्ते करा. चिखलात दोन लाखांचीही सायकल चालत नाही.

तिसरी आपली आपल्याला सांगायची. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखोंनी बायका आल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत अनेकांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ज्यांनी जमीन दिली त्यांना सायकल जड नसावी. या हंगामात पहिल्या वेच्याचा एक क्विंटल बाजूला काढा आणि घरात आठवीतली लेक असेल तर तिला सायकल घ्या. पावती तिच्याच नावाने करा.

भावाची लढाई लांबची आहे, ती आपण लढतोच आहोत. शाळा मात्र चार किलोमीटरवर आहे.