'होमली' म्हणजे काय हो?

मैत्रिणींनो, आमच्या मंडळाच्या वधूवर मेळाव्यात फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे असतं. मुलाकडच्यांच्या अपेक्षांच्या रकान्यात एक शब्द हमखास सापडतो, 'होमली'. बी.ए.ला इंग्रजी होतं, म्हणून एकदा डिक्शनरी काढून बसले. ब्रिटनमध्ये होमली म्हणजे साधं, घरगुती, आपलेपणाचं. अमेरिकेत मात्र मुलीला होमली म्हटलं, तर ती दिसायला यथातथाच! (तिकडची स्थळं बघणाऱ्यांनी जरा जपून.) आपल्याकडे तिसराच अर्थ. घर सांभाळणारी, उलट न बोलणारी, आणि हल्ली पगारही आणणारी.

यंदा एका आईंना विचारलं, "मुलगी बँकेत आहे, चालेल ना?"

"चालेल की, पण होमली हवी."

"म्हणजे नेमकी कशी?"

"सहाच्या आत घरी यायला हवी."

मार्चअखेरीला बँकेतली कोण बाई सहाला घरी पोचते? आणि मुलाच्या माहितीत हा शब्द मी अजून एकदाही वाचलेला नाही. घर त्याचंही असतंच ना?

आता मी फॉर्म परत देते. म्हणते, होमली खोडा, काय हवंय ते मराठीत लिहा. दोघींनी लिहून दिलं. त्या आई मात्र फॉर्म घेऊन गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत.