मरुभूमीतील मोहल्ला आणि आपले कुलूप

बेळगावात आषाढाची झड लागली की आठ-आठ दिवस छत्री वाळत नाही. अशा गावी बसून वाळवंटातील वस्तीचे गुण गावेत, हे काही सभासद बंधूंस चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या संघातील कित्येक घराण्यांचे मूळ राजस्थानात आहे. तीन-चार पिढ्यांपूर्वी वाडवडील लोटा-दोर घेऊन निघाले, येथे पेढ्या घातल्या, येथलेच झाले. तिकडे मात्र अद्याप एक घर आहे आणि त्या घराला एक कुलूप आहे. त्या कुलुपासंबंधी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी, वैशाखात, आम्ही बिकानेरास गेलो होतो. राव बिका यांनी १४८८ साली वसविलेले हे शहर. वर्षाकाठी पाऊस जेमतेम २५-३० सेंटिमीटर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. वाळूची वादळे वेगळीच. अशा ठिकाणी माणसे पाचशेहून अधिक वर्षे आनंदाने का राहिली, हा प्रश्न मनात घेऊनच आम्ही जुन्या शहरात शिरलो. त्याचे उत्तर आम्हांस तेथील मोहल्ल्याच्या रचनेत सापडले.

तेथील गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या. दोन्ही बाजूंस उंच घरे असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ एक ना एक भिंत रस्त्यावर सावली धरते. दुलमेऱ्याच्या तांबड्या दगडाच्या हवेल्यांना कोरीव जाळ्या आहेत; त्यांतून वारा आत येतो, ऊन अडते. घराच्या पोटात मोकळा चौक असतो. रात्री थंड झालेली हवा तेथे सकाळपर्यंत टिकते. गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी पन्हाळीने तळघरातील कुंडात उतरे आणि त्यावर झाकण पडे. रोजमेळात पैचा हिशेब ठेवावा तसा त्या पाण्याचा हिशेब असे. तूप सांडले तर काही गेले नाही, पाणी सांडले तर मात्र जीव जळतो, अशा अर्थाची एक म्हण त्या प्रांती आहे. याच शहरातील भांडासर जिनालयाच्या पायात पाण्याऐवजी तूप ओतले, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, पाण्याचे मोल तीत पुरते उतरले आहे. पाणी गाळून आणि मोजून वापरण्याची जी शिकवण आपल्या धर्माने दिली, ती तेथे घराच्या बांधणीतच मुरली होती.

स्वयंपाकघराचेही तेच. हिरवी भाजी दुर्मिळ, म्हणून केर, सांगरी, पापड, मुगोडी यांवर चूल चाले. तिथीला हिरवे वर्ज्य करणाऱ्या आपल्या घरांस ही सुकी भाजी किती उपयोगी, हे भगिनींस सांगावयास नको. मटकीच्या पिठाची भुजिया तर आता जगभर जाते. बिकानेरी भुजियास २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु त्या वस्तीची खरी ओढ आहे ती पाट्याची. आपल्याकडे पाटा म्हटला की वरवंटा आठवतो. बिकानेरचा पाटा म्हणजे चौकात कायमचा मांडलेला भला मोठा लाकडी चौरंग. ऊन उतरले की त्यावर माणसे जमतात. बुद्धिबळे, बाजारभाव, सोयरिकी, राजकारण, सारे तेथेच. होळीच्या दिवसांत रम्मत नावाची लोकनाट्ये चौकात होतात, तीही पाट्यांवर बसूनच पाहतात. रात्री अकराच्या सुमारास आम्ही एका पाट्याशी घुटमळत होतो. एका वृद्ध गृहस्थांनी सरकून जागा दिली आणि विचारले, “आपण कोणत्या गुवाडीचे?” गुवाड म्हणजे मोहल्ला. आम्ही आजोबांचे नाव सांगितले. त्यांनी काठीने समोरचे अंधारे घर दाखविले आणि म्हणाले, “मग हे आपलेच. दिवाळीला त्याच्या उंबऱ्यावर पणती आम्ही ठेवतो.”

आम्ही निरुत्तर झालो. ज्या घराचा कर भरण्यावरून आम्हां भाऊबंदांत पत्रापत्री चालली होती, त्याच्या उंबऱ्यावर एक परका माणूस वर्षानुवर्षे दिवा लावीत होता. आमच्या खात्यात ही रक्कम कोणी नावे टाकली नव्हती.

या जीवनात उणे नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पाटा हा मुख्यतः पुरुषांचा. स्त्रियांच्या वाट्यास गच्ची, आतला चौक आणि पाण्याचे कष्ट आले. गुवाडी जातवार वसल्या. आपलेपण होते, तसे कुंपणही होते. पोटासाठी माणसे बाहेर पडली, यातही दोष नाही. अगरचंद नाहटा यांच्या घराण्याचा व्यापार आसामात होता. तरी त्यांनी बिकानेरात हजारो हस्तलिखिते गोळा करून अभय जैन ग्रंथालय उभारले. व्यापार दूर असला तरी मोहल्ला सुटत नाही, याचे हे उदाहरण आम्हांस पुरेसे वाटते.

आज कालव्याचे पाणी नळाने येते, म्हणून कुंडे दुर्लक्षित पडली आहेत. पाट्यांवर पूर्वीइतकी गर्दी राहिली नाही. वारस वाढले, हिस्से बारीक झाले. मग कोणी नक्षीचा दरवाजा तेवढा उपटून विकतो, कोणी सारी हवेलीच पाडून गाळे काढतो. एकदा उपटलेला दरवाजा दिवाणखान्यात शोभेची वस्तू होतो. त्याच्यापुढे पणती ठेवणारा शेजारी मात्र विकत मिळत नाही.

म्हणून आमचे सभासदांस सांगणे आहे. ज्यांचे तिकडे घर असेल त्यांनी हिस्सेदारांस एकत्र बसवून त्याची व्यवस्था लेखी ठरवावी. एकट्याने दारे-खिडक्या विकू नयेत. वर्षातून निदान पंधरा दिवस, मुलाबाळांसह, कुलूप काढावे. कुंड साफ करून पावसाचे पाणी त्यात घ्यावे. आणि जे येथे नव्या वसाहती बांधीत आहेत, त्यांनी प्रत्येक वसाहतीत एक चौक मोकळा सोडून तेथे बसण्याची ऐसपैस जागा करावी, जीवर सुनांनी आणि लेकींनीही निःसंकोच बसावे. मरुभूमीत जे उणे राहिले, ते येथे भरून काढण्याची ही संधी आहे.

आम्ही स्वतः येत्या दिवाळीस बिकानेरास जाणार आहो. त्या उंबऱ्यावरची पणती या वर्षी आमच्या हाताने लागेल. पुढच्या वर्षी ती शेजाऱ्यांवर पुन्हा पडू नये, यासाठी भाऊबंदांची बैठक मात्र आधी व्हावयास हवी.