डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं!

मागच्या रविवारी सकाळीच आईचा फोन. ‘अरे, बाबांनी त्या आठवणी टाइप केल्या होत्या ना, गिरगावातल्या चाळीच्या? कुठायत त्या?’

माझी झोप खाडकन उडाली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा विंडोज सेव्हनवाला लॅपटॉप त्याच्याही आधी ‘गेला’. उरली होती ती एक एक्स्टर्नल ड्राइव्ह. तिच्यावर चिकटपट्टी आणि बाबांचं ठसठशीत अक्षर : ‘बॅकअप, जून २०१४’. बँकेतला माणूस, लेबलाशिवाय काही ठेवेल तर शपथ!

ड्राइव्हवर ‘विंडोजइमेजबॅकअप’ हे फोल्डर आणि त्यात भल्यामोठ्या नावांच्या दोन व्हीएचडी फाइल्स. व्हीएचडी म्हणजे अख्खी हार्ड डिस्क एकाच फाइलमध्ये भरून ठेवलेली. हा फॉरमॅट मूळचा कनेक्टिक्स कंपनीचा. २००३मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या घरी आला. विंडोज सेव्हन किंवा त्यापुढचं काही असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘अटॅच व्हीएचडी’ करा, ‘रीड ओन्ली’वर टिक करा, काम फत्ते. पण आपण पडलो उबुंटूवाले! डबल क्लिक केलं, तर फाइल ढिम्म हलेना.

मंडळी, अशा वेळी पहिला नियम : मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी कॉपी काढायची आणि कॉपीसुद्धा फक्त वाचण्यापुरतीच उघडायची. कुठल्याही खिडकीने ‘फॉरमॅट करू का?’ असं लाडात विचारलं, तरी ‘नाही’च म्हणायचं.

उबुंटूवर ‘लिबगेस्टएफएस-टूल्स’ टाकलं की ‘गेस्टमाउंट’ मिळतं. ते व्हीएचडीतलं पार्टिशन साध्या फोल्डरसारखं समोर मांडतं. कमांड लिहायचा कंटाळा असेल, तर सेव्हन-झिपही व्हीएचडी उघडतं. आणि मॅकवाल्यांनो, व्हर्च्युअल मशीनला ती दुसरी डिस्क म्हणून जोडून बघा.

मी पहिली फाइल उघडली. आत नुसत्या बूटच्या फाइल्स! पोटात गोळाच आला. मग ट्यूब पेटली : विंडोज सेव्हन स्वतःसाठी १०० एमबीचं एक वेगळं पार्टिशन राखून ठेवतं, ही त्याची इमेज. खरा माल दुसऱ्या, मोठ्या फाइलमध्ये होता. तिथे बाबांचं ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि त्यात ‘चाळ’ नावाची वर्ड फाइल. सापडली!

उघडली, तर सगळी गिचमीड. कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं. बाबांनी युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला मराठी फॉन्ट वापरला होता, माझ्या मशीनवर तो कुठून असणार? पण थांबा! इमेज अख्ख्या डिस्कची होती ना? म्हणजे बाबांचं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही आतच. तिथून फॉन्ट उचलला, माझ्याकडे टाकला आणि स्क्रीनवर बाबा बोलायला लागले. नुसत्या फाइली कॉपी केल्या असत्या ना, तर हा फॉन्ट गेलाच होता.

संध्याकाळी आईसमोर लॅपटॉप ठेवला. तिने चष्मा लावला, दोन पानं वाचली.

‘ऱ्हस्व-दीर्घाच्या किती चुका रे ह्यांच्या!’

मग बराच वेळ काहीच बोलली नाही. शेवटी हळूच म्हणाली, ‘प्रिंट काढ. चुका तशाच राहू देत.’