घंटेचं घर

आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी सहा ते सात ही वेळ मोठ्या काकांची. डब्लिनला तेव्हा रात्रीचे दीड-दोन वाजलेले असतात, त्यामुळे मी उठते तेव्हा सुविचार, इंदूरचं तापमान आणि एखादा इतिहासाचा फॉरवर्ड असा ऐवज वाट बघत असतो. जूनमधल्या एका सकाळी त्यात एका उंच दगडी मनोऱ्याचा फोटो होता. वर ठळक अक्षरांत 'आयर्लंडमधील प्राचीन शिवलिंगे! दडपलेला इतिहास!' आणि खाली काकांनी स्वतः टाइप केलेली ओळ: 'आपली मुलगी तिकडेच आहे. प्रत्यक्ष पाहून कळवावे.'

आई तेव्हा दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेली होती. चष्मा पुसून तिने फोटो पाहिला. "लिंग कसलं, ही तर दीपमाळ. दिवे ठेवायला हात नाहीत एवढंच," असं म्हणून ती पोहे परतायला गेली.

काकांचा शब्द आमच्याकडे सहसा कोणी खाली पडू देत नाही. बाबा गेल्यापासून तर नाहीच. त्याच शनिवारी आम्ही दोघी बसने ग्लेनडालॉकला निघालो. डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरांत, साधारण पन्नास किलोमीटरवर हे ठिकाण आहे. नावाचा अर्थ दोन तळ्यांचं खोरं. सहाव्या शतकात केविन नावाचा साधू एकांतासाठी इथे येऊन राहिला. तो हात पसरून प्रार्थना करत असताना एका पक्षिणीने त्याच्या तळहातावर घरटं केलं, अंडी घातली, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत त्याने हात हलवला नाही, अशी गोष्ट सांगतात. आईला ती फार आवडली. आपल्याकडे तपस्व्याच्या अंगावर वारूळ चढतं, इथे घरटं. एकांत मात्र त्याला फार दिवस मिळाला नसावा, कारण त्याच्या नावाने पुढे तिथे मोठा मठ उभा राहिला. दुहेरी कमानीच्या वेशीतून आत गेलं की बिनछपराची चर्च, गवतात तिरपी झालेली थडगी आणि मध्ये तो फोटोतला मनोरा.

तो सुमारे तीस मीटर उंच आहे. माथ्यावरची दगडी टोपी १८७६ मध्ये जुनेच दगड वापरून पुन्हा बसवली, बाकी सगळा जवळपास हजार वर्षांपूर्वीचा. आणि दार जमिनीपासून साडेतीन मीटर वर! आई म्हणाली, "गवंड्याचं काहीतरी चुकलेलं दिसतंय."

मी लहान असताना मोठे काका आम्हा सगळ्या भावंडांना मांडूला न्यायचे. हिंडोला महालाच्या कललेल्या जाड भिंतीला हात लावायला सांगायचे आणि विचारायचे, "सांगा, ही अशी तिरपी का बांधली?" उत्तर आलं नाही तर लगेच सांगायचे नाहीत. आधी भिंत बघायची, मग पाटी वाचायची, हा त्यांचा नियम. त्या दिवशी ग्लेनडालॉकला मीही पाटी शेवटी वाचली.

मनोरा खाली रुंद आणि वर निमुळता होत जातो. भिंत म्हणजे दगडांच्या आतल्या-बाहेरच्या दोन फळ्या आणि मध्ये चुन्यात घातलेली भर. या मनोऱ्यांचे पाये फारसे खोल नसतात, कित्येकांचे तर जेमतेम मीटरभर. एवढ्या उथळ पायावरच्या पोकळ नळीला अगदी बुडाशी दाराचं भोक पाडलं तर ती तिथेच कमजोर होणार. म्हणून खालचा भाग सलग ठेवून दार वर काढलं, हे एक कारण सांगतात. दुसरं कारण आपल्याला पटकन सुचतं: शिडी वर ओढून घेतली की चोर खालीच. दोन्ही खरी असू शकतात. आत लाकडी मजले होते आणि एकातून दुसऱ्यात जायला शिड्या. अगदी वरच्या मजल्याला चार खिडक्या, चार दिशांना एकेक.

जवळच एक छोटं चर्च आहे, दगडी छपरासकट शाबूत राहिलेलं. लोक त्याला केविनचं स्वयंपाकघर म्हणतात, कारण छपरावर धुराड्यासारखं काहीतरी दिसतं. ते धुराडं नाही. तो छोटासा गोल मनोराच आहे, चर्चच्या अंगातूनच वर काढलेला. मी तिथे बराच वेळ थांबले. चर्च आणि मनोरा एकाच बांधकामात असतील तर तो मनोरा चर्चच्या आधीचा कसा असेल? काकांचा फॉरवर्ड माझ्यापुरता तिथेच कोसळला होता. परत येताना बसमध्ये आईला म्हटलं, "आता काकांना काय सांगू?" आई म्हणाली, "जे दिसलं ते. पण ग्रुपवर नको."

घरी येऊन वाचायला बसले तर गंमत कळली. हा फॉरवर्ड आपल्याकडच्या कुणी उत्साही माणसाने रचलेला नाही, त्याचं मूळ जवळजवळ दोनशे वर्षं जुनं आहे आणि अस्सल आयरिश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मनोऱ्यांवरून तिथल्या विद्वानांत जोरदार वाद होता. कुणी म्हणे फिनिशियनांनी बांधले, कुणी म्हणे अग्निपूजकांची देवळं. शेवटी रॉयल आयरिश अकादमीने या प्रश्नावर निबंधस्पर्धाच ठेवली. हेन्री ओब्रायन या तरुणाने लिहिलं की हे मनोरे पूर्वेकडून आलेल्या लोकांनी बांधले, बौद्ध धर्माशी आणि लिंगपूजेशी त्यांचा संबंध आहे. पहिलं बक्षीस मात्र १८३३ मध्ये जॉर्ज पेट्री यांना मिळालं. ओब्रायनने १८३४ मध्ये आपलं म्हणणं पुस्तकरूपाने छापलं, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. पुस्तक राहिलं. तेच आता इंटरनेटवरून फिरत फिरत इंदूरला काकांच्या फोनवर आलं.

ओब्रायनला हसावंसं वाटत नाही. इंग्रजांच्या राज्यात आपला देश अडाणी ठरवला जात असताना त्याला आपल्या भूमीतल्या सर्वांत देखण्या वास्तूंसाठी दूरचं, खूप जुनं कूळ शोधावंसं वाटलं. ही ओढ ओळखीची आहे. पण तिच्या नादात हजार वर्षांपूर्वीच्या आयरिश गवंड्यांचं श्रेय त्याने दुसऱ्यांना देऊन टाकलं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ताजमहाल आम्हीच बांधून दिला असं कुणी परक्याने म्हटलं तर आपण किती चिडतो!

पेट्री चित्रकार होते. त्यांनी गावोगाव हिंडून मोजमापं घेतली, चित्रं काढली आणि मठांतल्या जुन्या बखरी चाळल्या. बखर म्हणजे आमच्या भाषेत लॉग फाइल: अमुक साली वीज पडली, अमुक साली दरोडा, अमुक साली महंत वारले. त्यात या मनोऱ्यांसाठी ठरलेला शब्द येतो, क्लोग-त्याख. क्लोग म्हणजे घंटा, त्याख म्हणजे घर. थोडक्यात घंटाघर. गांधी हॉलला घंटाघर म्हणणाऱ्या इंदूरकरांना हे वेगळं समजावायला नको. इंग्रजीतला 'क्लॉक'ही घंटेच्याच या कुळातला आहे. शिवाय पुढे काही मनोऱ्यांच्या पायाखाली खणल्यावर आधीच्या दफनांतले सांगाडे निघाले. म्हणजे मठाची स्मशानभूमी आधीची, मनोरा नंतरचा.

लगेच काकांना फोन करायचा माझा धीर झाला नाही. पुढच्या रविवारी मैत्रिणीची गाडी घेऊन आम्ही डब्लिनच्या उत्तरेला, लाउथ परगण्यातल्या मोनॅस्टरबॉइसला गेलो. ग्लेनडालॉकला जत्रा असते, इथे शुकशुकाट. शेतं, कावळ्यांची कलकल, भिंतीपलीकडे गाई. मनोऱ्याची टोपी गेलेली आहे, माथा तुटका. बखरीत १०९७ सालची नोंद आहे की हा मनोरा आतल्या पुस्तकांसकट आणि मौल्यवान वस्तूंसकट जळाला. जवळच्या स्लेनची नोंद त्याहून वाईट, ९५० सालची. डब्लिनच्या व्हायकिंगांनी तिथलं घंटाघर पेटवलं तेव्हा आत मठाचा अध्यापक होता आणि आश्रयाला आलेले पुष्कळ लोक होते. स्लेनच्या त्या मनोऱ्याचा आज मागमूसही नाही. उभी दगडी नळी, आत लाकडी मजले, वर चार खिडक्या. एकदा खाली आग लागली की तिचं धुराडं व्हायला कितीसा वेळ लागणार? शिडी वर ओढून घेणारं ते हुशारीचं दार मला त्या दिवशी बघवेना.

मनोऱ्याजवळ मुरेडाखचा क्रूस आहे, वालुकाश्मातला, साडेपाच मीटर उंच, दहाव्या शतकातला. अंगभर चित्रं कोरलेली. एका बाजूला मधोमध अंतिम न्यायाचा देखावा आहे आणि तिथे एक तराजू. देवदूत माणसाचा आत्मा तोलतोय आणि खाली आडवा पडलेला सैतान पारडं आपल्याकडे ओढायला बघतोय. आई म्हणाली, "चित्रगुप्ताच्या कारभारात अशी लबाडी चालली नसती." तळाशी कोरलेला लेख आहे: हा क्रूस ज्याने करवून घेतला त्या मुरेडाखसाठी प्रार्थना करा. शेजारी दोन मांजरं कोरली आहेत. ती तिथे का आहेत याची मला काही पडलेली नाही, मला ती फार आवडली.

अवशेष म्हटलं की ओसाड जागा डोळ्यांसमोर येते. इथे मात्र जुन्या थडग्यांच्या पलीकडे नवी थडगीही होती, ताज्या फुलांची. एक म्हातारी बाई खुरप्याने तण काढत होती. तिने आम्हाला पाहून हवा छान असल्याचं सांगितलं (नव्हती), आणि मग आईला विचारलं, "तुमची माणसं कुठे आहेत?" तिला पुरलेली माणसं म्हणायचं होतं. मी भाषांतर करायच्या आतच आईला प्रश्न कळला. ती मराठीतच म्हणाली, "नर्मदेत." मी ते इंग्रजीत सांगितलं, नदी म्हणून. बाईने मान हलवली. मग आपल्या परडीतलं एक फूल काढून आईच्या हातात दिलं. आई गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने ते फूल बाबांच्या फोटोपुढे ठेवलं.

त्या रात्री न झोपता जागी राहिले आणि इंदूरचे सहा वाजल्यावर काकांना फोन लावला. तोवर त्यांनी ग्रुपवर सुविचार टाकलेला होता. मी म्हटलं, "काका, ती शिवलिंगं नाहीत हो. घंटाघरं आहेत." पलीकडे शांतता. मी भराभर सांगत सुटले: बखरीतला शब्द, छपरावरचा मनोरा, पायाखालचे सांगाडे, ओब्रायन. लहानपणी पाढे म्हणताना व्हायचं तसं झालं होतं. माझं संपल्यावर काकांनी विचारलं, "दारं कुठल्या दिशेला आहेत?"

हे मला माहीत होतं. "बहुतेक ठिकाणी मुख्य चर्चच्या पश्चिमेकडच्या दाराकडे तोंड करून."

"म्हणजे देवळाकडे बघून," काका म्हणाले. "मग मनोरा देवळासाठी बांधलाय. आधी देऊळ." पुन्हा थोडं थांबून: "तू हात लावून पाहिलास ना भिंतीला?"

"लावला."

"मग झालं. पण मला एक सांग, एवढ्या उंचावर घंटा टांगायची कशी? दोर कुठून सोडायचा?"

ते मी पाहिलंच नव्हतं. शनिवारी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. तिथे संत पॅट्रिकची म्हणून जपलेली घंटा आहे. लोखंडी पत्र्याची, वर काशाचा मुलामा दिलेली, चौकोनी, आपल्याकडे गाईच्या गळ्यात असते तशा घाटाची. टांगायची नाहीच ती, हातात धरून वाजवायची. त्या काळातल्या घंटा अशाच असत, म्हणजे वरच्या मजल्यावर चढून चारी खिडक्यांतून हाताने वाजवायची. फोटो काढून काकांना पाठवला, फक्त त्यांनाच.

दुसऱ्या दिवशी उठले तर ग्रुपवर काकांचा मेसेज होता: 'आयर्लंडविषयी पूर्वी पाठवलेली माहिती चुकीची होती. आपल्या मुलीने प्रत्यक्ष जाऊन खात्री केली आहे. ती घंटाघरे आहेत. सोबत घंटेचा फोटो.' त्याखाली सोळा नमस्कार, आणि त्याखाली देवासच्या आत्याने तोच जुना फॉरवर्ड पुन्हा टाकलेला.

मला वेगळा आलेला मेसेज एका ओळीचा होता: 'दार साडेतीन मीटरवर म्हणालीस ते जुन्या जमिनीपासून की आत्ताच्या?'