बुचाचे भोक

भातकुलीस आमच्या घरच्या विहिरीचे पाणी ज्याने एकदा चाखले, तो ते पुन्हा मागत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जो प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, त्यातच हे गाव वसले असल्यामुळे भूगर्भातील पाण्यात क्षार फार. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमरावतीहून घरी आले, ते या पाण्यातील मीठ वेगळे करून दाखविण्याचा संकल्प करूनच. बारावीच्या वर्गात शिकत असल्याने ऊर्ध्वपातनाची उपपत्ती त्यांस मुखोद्गत होती. पाणी उकळावे, वाफ नळीतून न्यावी, ती थंड करावी, म्हणजे क्षार मागे राहून शुद्ध पाणी पुढे येते. चंबू, नळ्या व बुचे असे सर्व साहित्य त्यांनी विकत आणले होते. परंतु तासाभराने आम्ही पडवीत जाऊन पाहतो तो वाफ नळीतून जाण्याऐवजी बुचाभोवतीच फुसफुसत होती, आणि पलीकडच्या पेल्यात थेंबही नव्हता.

दिवा विझवून, सर्व निवल्यावर बूच काढून पाहिले. स्वारीने लोखंडी खिळा लाल करून त्याने भोक पाडले होते! भोक एका तोंडाशी रुंद, दुसऱ्याशी अरुंद, आणि आतून सगळा कोळसा. “पण काका, नळी तर बसली होती,” असे त्यांचे म्हणणे. नळी बसणे निराळे व वाफ अडणे निराळे, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. पुस्तकातील आकृतीत बूच म्हणजे चार रेघा. त्या रेघांतून नळी आरपार काढावयास चित्रकारास काहीच सायास पडत नाहीत.

वास्तविक बूच हा पदार्थच मोठा नामी आहे. पोर्तुगाल, स्पेन आदी भूमध्यसमुद्राच्या पश्चिमेकडील देशांत ओक जातीचा एक वृक्ष होतो, त्याची ही साल. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर ती प्रथम सोलतात व पुढे साधारणतः नऊ नऊ वर्षांनी. झाड मात्र तोडीत नाहीत. पहिल्या दोन सोलण्यांची साल बाटल्यांच्या बुचांस योग्य नसते, म्हणजे चांगल्या बुचासाठी लावणाऱ्याने चाळीस वर्षे तरी धीर धरावयाचा. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने याच सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील कप्प्यांस मठातील कोठड्यांवरून जे नाव 1665 साली छापून प्रसिद्ध केले, तेच आज जीवशास्त्रातील पेशीचे इंग्रजी नाव होय. या बंद कप्प्यांत हवा कोंडलेली असते. म्हणून बूच दाबले जाते, पुन्हा फुगते, आणि पाण्यास वाट देत नाही. आपल्याकडे ज्यास बुचाचे झाड म्हणतात, ज्याची लांब दांड्याची पांढरी सुवासिक फुले मुली वेणीत गुंफतात, ते सर्वस्वी निराळे. त्याचीही साल बुचासारखी असते व खऱ्या बुचाऐवजी ती वापरलीही गेली आहे; पण तिची प्रत हलकी.

सालीतून आत-बाहेर जाणारी बारीक काळसर छिद्रे असतात. चांगले बूच कापताना ती आडवी येतील अशी बेतलेली असतात. उभी आली तर वाफेस आयतेच बोगदे मिळतात. म्हणून बूच घेताना प्रथम त्याची दोन्ही तोंडे उजेडात निरखावी, व तेथे खड्डे दिसल्यास ते खुशाल परत करावे. मग ते मऊ करावे. प्रयोगशाळेत यासाठी दातेरी चाकाचे बिडाचे यंत्र असते. घरी कागदात गुंडाळून पाटाखाली लाटले तरी काम भागते. मऊ न करता भोक पाडावयास जावे तर बूच हमखास तडकते. लाटल्यावर ते किंचित बारीक होते, यास्तव मूळचे बूच चंबूच्या तोंडापेक्षा थोडे जाडच घ्यावे.

भोक पाडण्याचे हत्यार, ज्यास प्रयोगशाळेत कॉर्क बोरर म्हणतात, ते म्हणजे एकात एक बसणाऱ्या पितळी किंवा पोलादी नळ्यांचा संच. प्रत्येकीस वर मूठ, खाली धार, आणि आत अडकलेला बुचाचा तुकडा ढकलून काढावयास एक सळई. आमच्या तीर्थरूपांच्या पेटीत असा सहा नळ्यांचा पितळी संच होता, तो शोधून काढला. धार बोथट झाली होती, ती आधी लावून घ्यावी लागली; बोथट हत्यार बूच कापीत नाही, फाडते. नळी निवडताना काचनळीहून ती किंचित बारीक घ्यावी. बूच पाटावर निमुळते तोंड वर करून उभे करावे व हत्यार अगदी सरळ धरून, थोडा दाब देत, फिरवीत फिरवीत न्यावे. जोर भोसकण्यात नाही, फिरविण्यात आहे. अर्ध्यावर आल्यावर बूच उलटे करून दुसऱ्या तोंडाकडून उरलेले काम करावे, म्हणजे खालची कड उसवत नाही. दोन्ही भोके मध्यावर एकमेकांस भेटली पाहिजेत. आमच्या पुतण्याची पहिल्या बुचात भेटली नाहीत, दुसऱ्यात भेटली. मग बारीक गोल कानशीने आतून हलकेच घासून नळीच्या मापाचे करावे.

रबरी बुचाची तऱ्हा याच्या उलट. रबर दाबाखाली आत सरकते, पुन्हा मूळपदावर येते, आणि भोक हत्याराहून बारीक निघते. तेथे काचनळीएवढी किंवा किंचित मोठीच नळी घ्यावी व तिला ग्लिसरीन लावावे. बेंझीन, ईथर यांच्या वाफेने रबर फुगते म्हणून सेंद्रिय रसायनात साधे बूच श्रेष्ठ. नत्राम्ल तर दोहोंनाही खाते, आणि म्हणूनच त्याच्या कृतीत बुचाशिवाय चालणारे काचेचे बकपात्र वापरीत असत.

आता जे सांगावयाचे आहे त्यासाठीच खरे तर आम्ही लेखणी हाती घेतली. आमच्या विद्यार्थिदशेत शेजारच्या टेबलावरील एक सोबती बुचात काचनळी घालीत होता. भोक जरा तंग होते. बूच त्याने डाव्या तळहातावर धरले, उजव्या हाताने नळी दूर टोकाशी पकडली आणि ढकलली. नळी मध्येच मोडली व तिचा भाल्यासारखा तुकडा तळहातात शिरला. आंगठ्याकडे जाणारी एक शीर तुटली. जखम महिन्याभरात भरली, परंतु पुढे कित्येक वर्षे त्यास सदऱ्याच्या गुंड्या त्या हाताने लावता येत नसत. तो मुलगा वर्गात पहिला येणारा होता, धांदरट मुळीच नव्हता. त्यास कोणी हे दाखविलेच नव्हते, इतकेच.

तेव्हा घरोघरच्या वडील मंडळींस आमची विनंती आहे की, मुलांच्या हाती काचनळी देण्यापूर्वी एवढे आपण स्वतः उभे राहून करवून घ्यावे. नळीच्या कापलेल्या कडा ज्योतीत धरून गोल कराव्या व नळी पूर्ण निवू द्यावी. तिला ग्लिसरीन वा पाणी लावावे. दोन्ही हात जाड फडक्यात गुंडाळावे. नळी बुचापासून दोन बोटांवर धरावी, टोकाशी कदापि नव्हे. आणि ढकलू नये, फिरवावी. तळहात नळीच्या रोखात कधीही असू नये. जात नसेल तर भोक कानशीने वाढवावे. बूच दोन रुपयांचे, हात तसा नव्हे. अडकलेली नळी काढतानाही हेच. न निघाल्यास सुरीने बूच कापून टाकावे. आणि दुसऱ्या टोकाचे पाणी धरण्याचे पात्र बुचाने कधीच बंद करू नये, नाहीतर वाफेस वाट न उरून चंबू फुटेल.

हल्ली एक-दहांश उताराचे, घासून बसविलेले काचेचे सांधे सर्रास मिळतात व मोठ्या प्रयोगशाळांतून बुचांची जागा त्यांनी घेतली आहे. ते उत्तमच, परंतु ते महाग, आणि एका मापाचा सांधा दुसऱ्या मापात बसत नाही. पेटीभर बुचे व सहा नळ्या असल्या म्हणजे कोणताही चंबू कोणत्याही नळीस जोडता येतो.

असो. दुसऱ्या दिवशी चंबू निम्माच भरला, आत खापराचे दोन तुकडे टाकले, आणि या खेपेस बुचाभोवती वाफेचा मागमूस दिसला नाही. दोन तासांत पेलाभर पाणी जमले. विहिरीच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकताच दह्यासारखा पांढरा साका आला. पेल्यातील पाणी निवळशंख राहिले. आत्याबाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. एवढ्या खटाटोपाने एवढेसेच पाणी, असे त्या म्हणाल्या, आणि ते इन्व्हर्टरच्या बॅटरीस चालेल काय, हे विचारून झाल्यावर पुतण्याचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहून मग आत गेल्या.